लस टोचताना झालेली चूक : शंका आणि तिची छाननी

सहा आठवड्यांच्या बालकास आरोग्य केंद्रातून लस टोचून घरी आणले, दुपारपासून ते किरकिर करू लागले, सायंकाळी मांडीवर सूज दिसली आणि रात्री अंग तापले, की घरात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : टोचताना काही चुकले तर नसेल? सुई जुनी असावी, बाटली आधीच उघडलेली दिसत होती, परिचारिका घाईत होती, अशा आठवणी मग एकामागून एक वर येऊ लागतात. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि शंकाही विरून जाते. तथापि ती केवळ अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. लसीकरणात चुका झालेल्या आहेत. क्वचित का होईना, त्यांपायी माणसे दगावलेली आहेत. प्रश्न आहे तो हा की, चूक झाली की नाही, आणि झाली असल्यास ती कोणत्या टप्प्यावर झाली, हे ठरवावयाचे कशाने? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः एका जुन्या प्रकरणाच्या आधारे करावयाचे योजिले आहे. ते घडले पंजाबात. परंतु त्याचे धागे मुंबईतील परळपर्यंत पोहोचतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, त्या वेळी वाल्डेमार हाफकिन हे भारतात पटकीच्या लसीचे काम करीत होते. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उमेदवारी केलेले हे गृहस्थ प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेकांच्या डोळ्यांत ही गोष्ट सलत असे. सरकारच्या सांगण्यावरून ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. लस तयार करण्याची रीत थोडक्यात अशी होती : प्लेगचे जंतू मांसरसात वाढवावयाचे, उष्णता देऊन ते मारावयाचे, आणि पुढे त्या द्रवात अन्य जंतूंची वाढ होऊ नये म्हणून थोडे कार्बोलिक आम्ल मिसळावयाचे.

१९०२ साली पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर प्लेगची लस टोचण्याचा बेत आखला. एवढी लस नेहमीच्या रीतीने वेळेत होणे अवघड होते. म्हणून हाफकिन यांनी रीत बदलली. जंतू मांसरसाऐवजी आगरावर वाढविण्यात येऊ लागले, आणि निर्जंतुकतेसाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवून कार्बोलिक आम्ल गाळण्यात आले. हा बदल शास्त्रदृष्ट्या समर्थनीय होता. पण पुढे जे घडले त्यामुळे सर्वांची नजर नेमकी याच बदलावर खिळली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडाव्या लागल्या. सुमारे आठवड्याने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, आणि त्यांतील एकही वाचला नाही. हे सर्व १९ जण ५३-एन या खुणेच्या एकाच बाटलीतून टोचले गेले होते. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांस काहीही झाले नाही.

येथे क्षणभर थांबून, एवढ्या माहितीतून काय निष्पन्न होते ते पाहणे उद्बोधक ठरेल. दोष लसीच्या मूळ गुणधर्मात नव्हता, हे उघड आहे. तसे असते तर चार बाटल्या निर्दोष ठरल्या नसत्या. १९ माणसांना एकाच सुमारास धनुर्वात व्हावा हा योगायोगही नव्हे. धनुर्वाताचे जंतू ५३-एन या बाटलीतच होते, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो ते तेथे केव्हा शिरले याविषयी. परळला बाटली भरताना, की मुलकोवालला ती उघडताना? पहिले खरे असेल तर प्रयोगशाळा, तिची नवी रीत आणि तिचे प्रमुख दोषी. दुसरे खरे असेल तर दोष खेड्यातील त्या दिवशीच्या हाताळणीचा.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली मुलकोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झालेली होती असा निर्णय आयोगाने दिला, आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. आयोगाचा अहवाल व त्यापुढील साक्षी पुष्कळ दिवस लोकांसमोर आल्याच नाहीत. त्या प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्या काळजीपूर्वक वाचल्या आणि २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा जणांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले. मलेरियाचा डास भारतातच शोधून काढणारे रॉस हे त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते, त्यामुळे त्यांच्या शब्दास वजन होते. परंतु पत्राचे खरे बळ त्यातील युक्तिवादात आहे.

धनुर्वाताचा जंतू ऑक्सिजनविरहित द्रवात वाढू लागला की त्यास अत्यंत घाण दर्प येतो. ५३-एन ही बाटली उघडण्याच्या कित्येक आठवडे आधी भरलेली होती. जंतू परळलाच आत गेले असते, तर एवढ्या अवधीत त्यांची विपुल वाढ होऊन बूच काढताक्षणी दुर्गंधी सुटली असती. पण लस टोचणाऱ्या डॉक्टरने बाटलीचा वास घेऊन पाहिला होता आणि त्यास तसे काही आढळले नव्हते. दुसरा मुद्दा कालावधीचा. कित्येक आठवडे जंतूंची वाढ झालेल्या द्रवात त्यांचे विष तयारच साठलेले असते. तो द्रव अंगात गेल्यास लक्षणे फार लवकर व तीव्र स्वरूपात दिसावयास हवी होती. मुलकोवालच्या रुग्णांत ती सुमारे आठवड्याने दिसली. जखमेत माती जाऊन होणाऱ्या धनुर्वातास साधारणतः एवढाच काळ लागतो, कारण तेथे बीजाणूंना शरीरात रुजून विष निर्माण करावे लागते. यावरून बाटलीत विषाचा साठा नव्हता, नुकतेच पडलेले थोडे बीजाणू होते, हेच अधिक संभवते. तिसरी गोष्ट साक्षीतच नमूद होती : त्या दिवशी बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करावयाचा, त्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे बीजाणू गुराढोरांच्या वावराच्या मातीत सर्वत्र असतात आणि कार्बोलिकच्या पाण्यात घटकाभर बुडवल्याने ते मरत नाहीत. ज्योतीने मात्र मरतात.

घटनेनंतर ती बाटली तपासली असता तीत धनुर्वाताचे जंतू सापडले होते, या पुराव्यावर पुष्कळांचा भर होता. वस्तुतः त्यातून काहीच ठरत नाही. उघडताना शिरलेले जंतूही पुढील दिवसांत त्या बाटलीत वाढलेच असते. चौकशीच्या कामी अशा पुराव्याचा मोह मोठा असतो : हाती वस्तू आहे, तीत दोष दिसतो आहे, तेव्हा उगम तेथेच असला पाहिजे असे मन म्हणते.

१९०७ च्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले व त्यांना पुन्हा भारतात काम देण्यात आले. मात्र ते काम कलकत्त्यास होते. स्वतः उभारलेल्या परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही. त्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हा इतिहास बहुधा एका थोर शास्त्रज्ञावरील अन्यायाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ती तशी आहेही. पण वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. पाच वर्षे वाद चालला तो प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या अब्रूसंबंधी; ज्या १९ जणांनी प्लेगपासून वाचावे म्हणून दंड पुढे केला, त्यांच्याविषयी या चर्चेत फारसे कोणी बोलताना दिसत नाही. आणि चिमटा ज्याच्या हातून पडला त्या मदतनिसाला, तो ज्योतीवरच का धरावयाचा, हे कोणी समजावून सांगितले होते काय?

मुलकोवालचे कोडे सोडविताना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या फार थोड्या व साध्या होत्या. कोण कोणत्या बाटलीतून टोचला गेला याची नोंद होती. टोचल्यापासून लक्षणांपर्यंत किती दिवस लोटले हे माहीत होते. शेजारच्या बाटलीतून टोचलेल्यांचे काय झाले हे पाहता येत होते. आजही लसीनंतरच्या दुर्घटनेचा तपास याच वाटेने जातो. एकाच केंद्रातील, एकाच दिवशीची अनेक मुले आजारी पडली, तर हाताळणीतील चुकीचा संशय प्रथम घ्यावा लागतो. दूरदूरच्या केंद्रांत एकाच क्रमांकाच्या घाण्यातील लस घेतलेली मुले आजारी पडली, तर कारखान्याकडे पाहावे लागते. त्याच गावातील लस न घेतलेली मुलेही तशीच आजारी असतील, तर लसीचा संबंध नसण्याचीच शक्यता अधिक. हा शेवटचा विचार पालकांना पटणे फार कठीण जाते, आणि ते स्वाभाविक आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यास लस घेणाऱ्या बालकाचे ते वयच सर्दी, जुलाब, ताप यांचे असते. त्यामुळे कोणताही आजार कोणत्या ना कोणत्या लसीनंतर थोड्याच दिवसांनी येणार.

बाटली उघडल्यानंतरची हाताळणी किती नाजूक असते, याचे याहून दारुण उदाहरण ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग या गावचे आहे. तेथे २७ जानेवारी १९२८ रोजी घटसर्पाची लस २१ मुलांना टोचण्यात आली आणि त्यांपैकी १२ मुले थोड्याच तासांत दगावू लागली. त्याच बाटलीतून पूर्वी टोचलेल्या मुलांना काही झाले नव्हते. चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शोधून काढले की, रबरी बूच पुनःपुन्हा टोचून लस काढताना पुवाचे जंतू आत गेले. लसीत जंतुनाशक नव्हते आणि दिवस कडक उन्हाळ्याचे होते, त्यामुळे ते आत झपाट्याने वाढले. पुष्कळ मात्रांच्या बाटलीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असावे, हा दंडक या घटनेनंतर दृढ झाला. मुलकोवालला दुय्यम ठरलेला कार्बोलिकचा मुद्दा बंडाबर्गला मुख्य ठरला, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. एका प्रकरणाचा निकाल दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्याकडील आजचे नियम या अनुभवांतून आलेले आहेत. पंचगुणी लस किंवा पोलिओची तोंडाने द्यावयाची लस यांची कुपी उघडल्यानंतर, ती योग्य थंडाव्यात ठेवली असल्यास, चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. तेव्हा 'बाटली आधीच उघडलेली होती' एवढ्यावरून चूक सिद्ध होत नाही. उलट बी.सी.जी. आणि गोवर-रुबेला यांची लस भुकटीच्या स्वरूपात येते. ती द्रवात कालवल्यावर चार तासांत संपवावी, उरल्यास टाकून द्यावी, असा दंडक आहे. त्यांत जंतुनाशक घालता येत नाही, कारण लसीतील जिवंत जंतूच त्याने मरतील. ही मर्यादा ओलांडली आणि कुपी दूषित झाली, तर काही तासांतच मुलास जोराचा ताप, उलट्या व पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरी वाट पाहत बसणे योग्य नव्हे. सुईविषयीची धास्ती मात्र आता बरीचशी निराधार झाली आहे. सरकारी लसीकरणात वापरली जाणारी पिचकारी एकदा दाबल्यावर तिचा दट्ट्या अडकतो. ती पुन्हा भरताच येत नाही.

घरोघरी ज्यांची चिंता केली जाते त्यांतील पुष्कळ गोष्टी चुका नसतात. पंचगुणी लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे व थोडी सुजणे हे अपेक्षितच आहे. सुई काढल्यावर एखादा थेंब बाहेर आला म्हणून मात्रा वाया जात नाही. पिचकारीतील हवेचा बारीक बुडबुडा स्नायूत गेल्याने अपाय होत नाही. मात्रा ठरल्या दिवसापेक्षा उशिरा मिळाली तर सारा क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. बी.सी.जी.ची गोष्ट तर मोठी चमत्कारिक आहे. जन्मतः डाव्या दंडावर टोचलेली जागा कित्येक आठवड्यांनी फुगते, फुटते, तेथे लहान व्रण होतो व मग खूण राहते. टोचणे सुधारल्याची ती निशाणी. पण नव्या आईस मात्र ती बिघडल्याची वाटते. तथापि तीच लस कातडीच्या थरात न देता खोल गेली, तर मोठे गळू होऊ शकते, आणि ती चूक होय. सूज तीन दिवसांनंतरही वाढत चालली, जागा गरम होऊन पू धरू लागली, किंवा मूल तासन्‌तास न थांबता रडत राहिले, तर डॉक्टरकडे न्यावे. लसीची तीव्र वावडी ही अत्यंत विरळा, दहा लाख मात्रांमागे सुमारे एक, अशी असते; पण ती काही मिनिटांत उद्भवते, म्हणूनच टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रातच थांबावयास सांगतात. तो अर्धा तास रिकामा गेला असे मानू नये.

खऱ्या चुका अनेकदा लसीत नसून बाटल्यांच्या अदलाबदलीत असतात. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांच्या तोंडात लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर घातले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सर्व बरी झाली. पोलिओच्या कुपीवर उष्णता मोजणारी एक छोटी खूण छापलेली असते : वर्तुळ व त्यात फिकट चौकोन. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला तर लस टाकून द्यावयाची. ती खूण पाहण्याची सवय कितीही घाईत मोडली नाही, तर दुसरी बाटली हाती आल्याचे त्याच क्षणी कळावे.

अशीच अदलाबदल सामोआ या पॅसिफिकमधील बेटांवर जीवघेणी ठरली. जुलै २०१८ मध्ये तेथे गोवर, गालगुंड व रुबेला यांची भुकटी पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या भुलीच्या औषधात कालवली गेली आणि दोन बालके दगावली. लस निर्दोष होती. परंतु लसीकरण कित्येक महिने बंद ठेवण्यात आले, आणि संबंधित परिचारिकांना शिक्षा झाली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. दरम्यान लसच मुलांना मारते ही समजूत पसरण्यास पुरेसा अवकाश मिळाला. २०१८ मध्ये गोवराची लस मिळालेल्या बालकांचे प्रमाण शेकडा ३१ पर्यंत घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली, तीत ८३ माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेक लहान मुले होती. चुकीने दोन जीव घेतले. बाकीच्यांचा हिशेब करताना, त्या चुकीविषयी जे वेळेवर व स्पष्ट सांगितले गेले नाही, तेही जमेस धरले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जॉर्डनमधील आहे. १९९८ साली तेथे शाळांतून धनुर्वात-घटसर्पाची लस दिल्यानंतर आठशेहून अधिक विद्यार्थ्यांना आपण आजारी झालो असे वाटले व १२२ जण रुग्णालयात दाखल झाले. तपासात आढळले की, त्यांतील बहुतेकांचा त्रास लसीमुळे नसून एकमेकांस पाहून वाढलेल्या भीतीमुळे होता. त्रास खोटा नव्हता. घेरी, धाप, डोकेदुखी ही भीतीनेही होतात. अशा मुलांना 'ढोंगी' म्हणणारा डॉक्टर आणि अशा प्रसंगी लसच थांबवणारा अधिकारी, दोघेही तपास सोडून निकाल देत असतात.

पालकाच्या मनात शंका आली तर तिचे निरसन करण्याचे साधन केंद्रातच असते. बालकाच्या लसीकरण पत्रिकेवर लसीचे नाव व तारीख लिहिलेली असते. कोणत्या घाण्याची लस कोणत्या दिवशी वापरली, याची नोंद केंद्रात ठेवावयाची असते. ती विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही, आणि विचारणाऱ्यास आगाऊ समजण्याचेही नाही. उघडलेल्या प्रत्येक कुपीच्या चिठ्ठीवर ती केव्हा उघडली ती तारीख व वेळ परिचारिकेने पेनाने लिहावयाची असते. पुढील वेळी बालकास मांडीवर घेऊन बसल्यावर, पिचकारी भरली जाण्यापूर्वी, ती चिठ्ठी दाखवा असे म्हणता येते. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.